रोपित मूत्रपिंडाची कार्यक्षमता आणि चुंबकीय अनुनाद चित्रण

नागपूर आणि वर्धा यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर, सेलू तालुक्यात वसलेले सिंदी (रेल्वे) हे नगर कापसाची बाजारपेठ म्हणून विदर्भात परिचित आहे. या नगरातील किंवा भोवतालच्या खेड्यांतील एखाद्या व्यक्तीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, तर उपचारासाठी तिला एका बाजूस वर्धा-सेवाग्राम-सावंगीकडे, तर दुसऱ्या बाजूस नागपूरकडे जावे लागते. काही दशकांपूर्वी असा रुग्ण मुंबई किंवा वेल्लोर गाठू शकला नाही, तर त्याच्यापुढे मार्गच उरत नसे. आज ती स्थिती पालटली आहे. सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात मूत्रपिंडरोपणाची सोय आहे, आणि नागपूरच्या शासकीय अतिविशेषोपचार रुग्णालयात २०१६ मध्ये या शस्त्रक्रियांना प्रारंभ झाला आहे.

शस्त्रक्रिया जवळ आली, तसा एक नवा प्रश्नही जवळ आला. आईने मुलाला किंवा पत्नीने पतीला दिलेले मूत्रपिंड शरीरात बसविल्यानंतर ते नीट काम करीत आहे किंवा नाही, हे कसे ओळखावयाचे? ते बिघडू लागले असेल तर ते वेळीच, म्हणजे दुरुस्तीला वाव असतानाच, कसे कळावे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी ज्या साधनांचा विचार जगभर होत आहे, त्यांत चुंबकीय अनुनाद चित्रण, म्हणजे सर्वांना परिचित असलेली ‘एमआरआय’ तपासणी, हे एक महत्त्वाचे साधन होय. तिचे स्वरूप, तिचा उपयोग आणि तिच्या मर्यादा यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

मूत्रपिंडाचे कार्य

निरोगी माणसाच्या शरीरात कंबरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक मूत्रपिंड असते. प्रत्येकाची लांबी १० ते १२ सेंटीमीटर आणि वजन सुमारे १५० ग्रॅम भरते. आकाराने लहान असूनही हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन अवयवांकडे जातो. म्हणजे दर मिनिटाला साधारण एक लिटर रक्त त्यांच्यातून वाहते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व पाणी आणि उपयुक्त क्षार शरीर परत शोषून घेते आणि उरलेले दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर पडते.

मूत्रपिंड उभे कापून पाहिल्यास त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. बाहेरच्या भागात गाळण्या असतात आणि रक्ताचा मोठा वाटा तेथेच जातो. आतील भागात नलिकांचे जाळे असते. तेथे रक्त बेताचेच पोचते, परंतु क्षार परत शोषून घेण्याचे कष्टाचे काम तेथे चालते. त्यामुळे आतील भाग नेहमीच प्राणवायूच्या टंचाईच्या काठावर असतो. पुढील विवेचन समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

रोपणाचा इतिहास

मानवी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. दाता आणि रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ होते. त्यामुळे रुग्णाच्या शरीराने नवा अवयव परका मानला नाही. डॉ. मरे यांना या क्षेत्रातील कार्यासाठी १९९० मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. भारतात १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न झाला. पुढे १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले. शरीराचा प्रतिकार आटोक्यात ठेवणारे सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आले आणि जुळ्या भावंडांवाचूनही रोपण यशस्वी होण्याचे प्रमाण खूपच वाढले. आज टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही औषधे प्रामुख्याने वापरली जातात.

अवयवांच्या देवघेवीला कायद्याची चौकट १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमाने मिळाली. या अधिनियमात २०११ मध्ये सुधारणा झाली. आईवडील, मुले, भावंडे व पती-पत्नी यांच्याबरोबरच आजी-आजोबा आणि नातवंडे यांचाही समावेश जवळच्या नातेवाइकांत करण्यात आला. मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीमार्फत होते. वर्धा जिल्हा नागपूर येथील समितीच्या कार्यक्षेत्रात येतो.

नवा अवयव कोठे बसवितात?

नवे मूत्रपिंड जुन्या मूत्रपिंडांच्या जागी बसविले जाते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. जुनी मूत्रपिंडे बहुधा तशीच राहू दिली जातात. नवे मूत्रपिंड पोटाच्या खालच्या भागात, उजव्या किंवा डाव्या बाजूस, कमरेच्या हाडाच्या खोबणीत ठेवतात. त्याची धमनी व नीला पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात.

या व्यवस्थेचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, अवयव त्वचेच्या जवळ आणि श्वासाबरोबर फारसा न हलणाऱ्या जागी असल्यामुळे त्याची चित्रे घेणे सोपे जाते. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. रक्तवाहिन्या जोडल्या जातात, परंतु मज्जातंतू जोडले जात नाहीत. म्हणून अवयवाला इजा होत असतानाही रुग्णाला वेदना जाणवेलच असे नाही. शेतात कष्ट करणाऱ्या माणसाला दुखले तरच दवाखान्यात जाण्याची सवय असते. रोपित मूत्रपिंडाच्या बाबतीत ही सवय घातक ठरते, कारण अनेकदा हा अवयव कोणतीही तक्रार न करता बिघडत जातो.

बिघाडाची कारणेही एकाच प्रकारची नसतात. प्रारंभीच्या दिवसांत रक्तपुरवठा काही काळ खंडित झाल्यामुळे नलिकांना तात्पुरती इजा झालेली असते. मृत दात्याकडून मिळालेल्या मूत्रपिंडात हे विशेषेकरून आढळते. शरीराने अवयव नाकारणे, म्हणजे अस्वीकृती, ही आठवड्यांनी किंवा वर्षांनीही उद्भवू शकते. प्रतिकार दाबणारी औषधे प्रमाणाबाहेर झाली, तर तीच मूत्रपिंडाला अपाय करतात. जोडलेली धमनी अरुंद होणे, मूत्रवाहिनीत अडथळा येणे, अवयवाभोवती द्रव साचणे, विषाणूंचा संसर्ग होणे आणि हळूहळू तंतुमय ऊती वाढून अवयव निबर होणे, ही आणखी काही कारणे होत. प्रत्येकावरील उपाय निराळा आहे. अस्वीकृतीत औषधांची तीव्रता वाढवावी लागते, तर औषधाच्या विषाक्ततेत ती कमी करावी लागते. निदान चुकले, तर उपाय उलट होऊन अवयव गमवावा लागण्याची भीती असते.

नेहमीच्या तपासण्या आणि त्यांच्या उणिवा

सर्वांत प्रचलित तपासणी म्हणजे रक्तातील क्रिएटिनिनचे मोजमाप. स्नायूंतील चयापचयातून निर्माण होणारा हा पदार्थ मूत्रपिंडे बाहेर टाकतात. त्यांचे काम मंदावले की तो रक्तात साचतो. ही तपासणी स्वस्त आहे व लहान गावातही होऊ शकते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रोपणानंतर पहिल्या आठवड्यात ती दररोज, पहिला महिना संपेपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा, दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यांत दर आठवड्याला, सहा महिन्यांपर्यंत पंधरवड्याने, वर्ष पूर्ण होईतो दरमहा आणि त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी करावयाची असते.

या तपासणीची उणीव अशी की, गाळण्यांच्या कार्यशक्तीचा बराच मोठा भाग नष्ट होईपर्यंत क्रिएटिनिन फारसे वाढत नाही. शिवाय कृश माणसाच्या शरीरात स्नायू कमी असल्यामुळे त्याचा आकडा मुळातच कमी असतो. उदाहरणार्थ, एखाद्या रुग्णाचा आकडा वर्षभर ०.९ राहिला आणि नंतर १.३ झाला, तर छापील मर्यादेकडे पाहणाऱ्याला त्यात विशेष काही दिसणार नाही. परंतु त्या रुग्णाच्या दृष्टीने ती मोठी वाढ आहे. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा मागील आकड्यांशी केलेली तुलना महत्त्वाची असते, आणि अशी तुलना जुने कागद जपून ठेवले तरच शक्य होते.

क्रिएटिनिनच्या जोडीला लघवीतील प्रथिनांची तपासणी, रक्तातील औषधाच्या पातळीचे मापन, रक्तदाबाची नोंद आणि सोनोग्राफी यांचा आधार घेतला जातो. डॉपलर पद्धतीच्या सोनोग्राफीने रक्तवाहिन्यांतील प्रवाह पाहता येतो. ही तपासणी रुग्णाच्या खाटेजवळ होते, खर्च कमी येतो आणि म्हणून चित्रणाच्या तपासण्यांत तिचा क्रम पहिला लागतो. तथापि ती करणाऱ्याच्या कौशल्यावर तिचे यश अवलंबून असते.

अंतिम निर्णयासाठी बायोप्सी करावी लागते. सुईने मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यातील बदलांचे वर्गीकरण करण्याची जागतिक पद्धत कॅनडातील बान्फ येथे १९९१ मध्ये भरलेल्या बैठकीतून आकारास आली. निदानाची खात्री या तपासणीइतकी दुसऱ्या कोणत्याही तपासणीत आज मिळत नाही. परंतु तीत रक्तस्रावाचा अल्पसा धोका असतो, ती वारंवार करता येत नाही आणि काढलेला तुकडा म्हणजे संपूर्ण अवयवाचा अत्यल्प अंश असतो. शेताच्या एका कोपऱ्यातील मूठभर माती तपासून साऱ्या शेताचा कस ठरविण्यासारखे हे आहे. माती योग्य ठिकाणची निघाली तर अंदाज बरोबर येतो, एरवी चुकतो.

म्हणूनच सुई न टोचता, संपूर्ण अवयवाचे आणि पुन्हा पुन्हा परीक्षण करता येईल अशा साधनाचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

चुंबकीय अनुनाद चित्रणाचे तत्त्व

मानवी शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा आहे आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचे अणुकेंद्र एखाद्या अतिसूक्ष्म चुंबकासारखे वागते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास यांतील काही अणुकेंद्रे क्षेत्राच्या दिशेने वळतात. मग विशिष्ट वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडल्या की ती ऊर्जा घेतात आणि लहरी थांबताच पूर्वस्थितीला येताना क्षीण संदेश सोडतात. निरनिराळ्या ऊतींतील पाण्याला पूर्वस्थितीला येण्यास निरनिराळा वेळ लागतो. या फरकावरून संगणक शरीराच्या अंतर्भागाचे चित्र तयार करतो.

अणुकेंद्रांचा हा गुणधर्म फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये प्रयोगाने दाखविला. त्यावरून चित्र काढण्याची रीत पॉल लाउटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली. या दोघांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. रुग्णालयांत सर्वसाधारणपणे १.५ टेस्ला क्षमतेची यंत्रे असतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असे हे क्षेत्र असते. या तपासणीत क्ष-किरणांचा उपयोग होत नाही.

रोपित मूत्रपिंडाच्या परीक्षणातील उपयोग

या तपासणीचे उपयोग दोन गटांत विभागता येतात: रचनेचे परीक्षण आणि कार्याचे परीक्षण.

रचनेच्या परीक्षणात मूत्रपिंडाचा आकार, बाहेरच्या व आतील भागांतील सीमारेषा, अवयवाभोवती साचलेला द्रव, मूत्रवाहिनीतील अडथळा आणि रक्तवाहिन्यांची स्थिती पाहिली जाते. रोपणानंतर काही महिन्यांनी रक्तदाब औषधांना दाद देईनासा झाला, तर जोडलेली धमनी अरुंद झाली असण्याची शंका घेतात. अशा वेळी धमनीचे चुंबकीय चित्र निर्णायक मदत करू शकते, कारण फुग्याच्या साहाय्याने धमनी रुंद करण्याचा उपाय उपलब्ध आहे. हा उपयोग आज प्रत्यक्ष व्यवहारात आहे. दात्याची निवड करतानाही त्याच्या मूत्रपिंडाच्या धमन्या किती व कशा आहेत, हे संगणकीय क्ष-किरण चित्रणाने किंवा चुंबकीय चित्रणाने आधीच पाहून घेतात.

कार्याचे परीक्षण हा विषय अधिक नवा असून त्यावर अद्याप संशोधन चालू आहे. त्यातील चार पद्धतींचा येथे थोडक्यात उल्लेख करणे उचित होईल.

पहिली पद्धत रक्तपुरवठा मोजण्याची आहे. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीतील रक्तावर रेडिओलहरींनी एक प्रकारची खूण केली जाते. खूण केलेले व न केलेले अशी दोन चित्रे घेऊन त्यांची वजाबाकी केली, म्हणजे ऊतींपर्यंत प्रत्यक्षात किती रक्त पोचले ते कळते. सेलू तालुक्यातील बोर प्रकल्पाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. कालव्याच्या मुखाशी पाणी सोडले, म्हणजे ते शेवटच्या शेतापर्यंत पोचलेच असे होत नाही. डॉपलर सोनोग्राफी मुख्यत्वे कालव्यातील आणि मोठ्या चाऱ्यांतील प्रवाह दाखविते. ही पद्धत शेतातील ओल दाखविते. तिच्यासाठी शरीरात कोणतेही औषध टोचावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

दुसरी पद्धत पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवर आधारलेली आहे. निरोगी ऊतीत पाण्याचे रेणू बरेच मोकळेपणाने हिंडतात. सूज आली, पेशींची गर्दी झाली किंवा तंतुमय ऊती वाढली, तर त्यांच्या हालचालीला अटकाव होतो. कार्यक्षमता घटलेल्या रोपित मूत्रपिंडांत ही हालचाल मंदावलेली आढळते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

तिसरी पद्धत प्राणवायूचा अंदाज देते. प्राणवायू सोडून दिलेले रक्त चुंबकीय क्षेत्रात किंचित निराळे वागते, हे १९३६ पासून ठाऊक आहे. या फरकावरून मूत्रपिंडाच्या आतील भागात प्राणवायूची स्थिती काय आहे, याची कल्पना येते. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तीव्र अस्वीकृतीत काही वेळा आतील भागात प्राणवायू अधिक असल्याचे चित्र दिसते. तो आरोग्याचा पुरावा मानता येत नाही. जिनिंग कारखान्याचे वीजबिल एकाएकी घटले, तर त्याचे कारण काटकसर असेल किंवा यंत्रेच बंद पडली असतील. त्याचप्रमाणे नलिकांनी काम करणे थांबविले, म्हणजे प्राणवायूचा खपही कमी होतो. आकडा एकच, अर्थ मात्र इतर तपासण्यांबरोबर वाचूनच लावावा लागतो.

चौथी पद्धत अवयवाच्या निबरपणाचा शोध घेते. ऊतीतील पाण्याला पूर्वस्थितीला येण्यास लागणारा वेळ मोजून, किंवा शरीराला बाहेरून सौम्य कंपने देऊन ती ऊतीतून कशी जातात हे पाहून, सूज व तंतुमयता यांचा अंदाज बांधला जातो. परंतु रक्तपुरवठा घटल्यानेही अवयवाचा कठीणपणा बदलतो. त्यामुळे या मोजमापाचा अर्थ लावणेही सोपे नाही.

मर्यादा आणि सावधगिरी

वरील पद्धतींनी मूत्रपिंड आजारी असल्याचे सुचविता येते, पण आजार नेमका कोणता हे खात्रीने सांगता येत नाही, ही त्यांची सर्वांत मोठी मर्यादा होय. अस्वीकृती, नलिकांची तात्पुरती इजा आणि औषधाची विषाक्तता यांची मोजमापे एकमेकांत मिसळतात. शिवाय एका यंत्रावरील आकडा दुसऱ्या यंत्रावरील आकड्याशी जुळेलच असे नाही. ही अडचण दूर करण्यासाठी युरोपातील अनेक देशांच्या संशोधकांनी २०१७ ते २०२१ या काळात एकत्र येऊन मूत्रपिंडाच्या चुंबकीय चित्रणाची समान कार्यपद्धती सुचविली. तरीही आजच्या घडीला या तपासणीने बायोप्सीची जागा घेतलेली नाही. ‘एमआरआय काढला, आता सुईची गरज नाही’ असे रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी परस्पर ठरविणे धोक्याचे आहे. उलट, डॉक्टरांनी एमआरआय सांगितला नाही म्हणून उपचारात कसूर झाली, असेही समजू नये. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत क्रिएटिनिन, लघवीची तपासणी, औषधाची पातळी आणि डॉपलर सोनोग्राफी यांवरून पुढील दिशा ठरते.

दुसरी सावधगिरी गॅडोलिनियमयुक्त औषधासंबंधी आहे. चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून काही तपासण्यांत हे औषध शिरेतून टोचतात. मूत्रपिंडाची कार्यशक्ती फार घटलेली असताना या गटातील काही जुनी औषधे दिल्यास त्वचा व अंतर्गत अवयव कठीण करणारा एक दुर्मिळ, परंतु गंभीर विकार उद्भवतो, असे २००६ मध्ये लक्षात आले. नव्या, अधिक स्थिर औषधांत हा धोका अत्यंत अल्प आहे. तरीही आपले मूत्रपिंड रोपित आहे आणि शेवटचे क्रिएटिनिन किती होते, हे रुग्णाने तपासणीपूर्वी तंत्रज्ञाला व डॉक्टरांना न चुकता सांगितले पाहिजे. तपासणी कोणत्याही कारणासाठी, अगदी गुडघ्याची असली तरीही, हा नियम पाळावयाचा आहे.

शरीरात हृदयाचे गतिनियामक यंत्र, धातूच्या पट्ट्या किंवा डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण असल्यास त्याचीही माहिती आधी द्यावी लागते. दागिने, घड्याळ, किल्ल्या व भ्रमणध्वनी बाहेर ठेवावे लागतात. यंत्राचा आवाज मोठा असतो आणि अर्धा ते पाऊण तास निश्चल पडून राहावे लागते. याची पूर्वकल्पना दिली म्हणजे खेड्यातून प्रथमच आलेला रुग्ण घाबरून तपासणी अर्धवट सोडत नाही.

गावपातळीवरील कर्तव्ये

यंत्र कितीही प्रगत असले, तरी रुग्ण त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे, आणि तो वेळेवर पोचला पाहिजे. सिंदी (रेल्वे) परिसरातील रुग्णाला नागपूरची किंवा वर्ध्याची फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी, प्रवासखर्च आणि सोबत्याचाही एक दिवस, असा हिशेब करावा लागतो. पहिल्या वर्षी फेऱ्या अनेक असतात आणि त्या कशाबशा होतात. पुढे प्रकृती चांगली दिसू लागली की पेरणी, वेचणी, लग्नसराई अशा निमित्ताने एक तपासणी चुकते, मग दुसरी चुकते, आणि कधीकधी औषधेही अनियमित होतात. दुखणे जाणवत नसल्याने कोणी हटकत नाही. एका घरातील व्यक्तीने दिलेला अवयव अशा रीतीने नष्ट झाला, तर तो दाता पुन्हा देऊ शकत नाही. तेव्हा येथील हानी केवळ पैशाची नसते.

या बाबतीत पंचायत सदस्य, नगरपरिषदेचे सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी पुष्कळ काही करू शकतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंडरोपणाचा अंतर्भाव आहे. शासनाच्या २०२३ च्या निर्णयाने या शस्त्रक्रियेसाठीची मर्यादा अडीच लाख रुपयांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली आणि योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व नागरिकांपर्यंत वाढविण्यात आली. कोणत्या रुग्णालयात कोणती सेवा योजनेखाली मिळते, याची माहिती संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच घेतली, तर व्यर्थ फेरी वाचते. दाता व रुग्ण यांचे नाते सिद्ध करणारी कागदपत्रे, शिधापत्रिका आणि रहिवासाचे दाखले वेळेवर मिळवून देणे, हेही रोपणाच्या कामातील साहाय्यच होय. अवयवाची खरेदी-विक्री हा गंभीर गुन्हा असल्याची जाणीव देणेही तितकेच आवश्यक आहे.

शिक्षकांनी एक साधी गोष्ट करावी. गावात किंवा शाळेच्या पालकांत असा रुग्ण असल्यास त्याच्यासाठी एक वही तयार करून द्यावी. तीत तारीख, क्रिएटिनिन, रक्तदाब, वजन, औषधांची मात्रा व पुढील तपासणीचा दिवस यांचे रकाने आखावेत. घरातील शाळकरी मुलगा किंवा मुलगी ही वही नीट भरू शकते. वर उल्लेखिलेली मागील आकड्यांशी तुलना या वहीमुळे शक्य होते. एमआरआय व सोनोग्राफी यांचे अहवाल आणि चित्रे याच वहीसोबत जपून ठेवावीत, कारण पुढील चित्राचा अर्थ मागील चित्राच्या आधारेच अधिक नेमका लागतो.

विदर्भातील उन्हाळा हाही विचारात घ्यावयाचा विषय आहे. कडक उन्हात काम करून शरीरातील पाणी घटले, तर रोपित मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. जुलाब-वांत्यांनीही तेच होते. शिवाय जुलाबांत टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढून अपाय होऊ शकतो. यासाठी अशा रुग्णाला भर दुपारचे काम टाळता येईल अशी रोजगाराची व्यवस्था करणे, शुद्ध पिण्याच्या पाण्याची खात्री करणे आणि जुलाब सुरू होताच डॉक्टरांशी संपर्क साधून देणे, ही कामे गावातच होण्यासारखी आहेत. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि घटक ठाऊक नसलेली मुळ्यांची औषधे मूत्रपिंडाला अपायकारक ठरू शकतात, हेही वारंवार सांगितले पाहिजे.

लघवी कमी होणे, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज येणे, वजन एक-दोन दिवसांत वाढणे, ताप येणे, रोपित जागी ठणका किंवा फुगीरपणा जाणवणे आणि रक्तदाब चढणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

समारोप

सेवाग्रामला महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये, ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. चांगले वैद्यकीय ज्ञान खेड्याच्या जवळ नेता येते, हा विश्वास त्यामागे होता. मूत्रपिंडरोपण आज वर्धा जिल्ह्यात होऊ लागले, हे त्याच दिशेने पडलेले आणखी एक पाऊल आहे. चुंबकीय अनुनाद चित्रणाचे संशोधन पूर्णत्वास गेल्यावर कदाचित सुई न टोचता अस्वीकृतीचे निदान करता येईल, आणि त्याचा लाभ सिंदी (रेल्वे)सारख्या ठिकाणच्या रुग्णालाही मिळेल. तो दिवस येईपर्यंत रोपित मूत्रपिंडाचे रक्षण नियमित औषधे, ठरलेल्या दिवशी तपासणी, जपून ठेवलेले कागद आणि गावाची साथ यांवरच मुख्यतः अवलंबून आहे. या चारही गोष्टी आजच आपल्या हाती आहेत, आणि त्यांसाठी कोणत्याही महागड्या यंत्राची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.